गेम नाइट सुरू करताय? बॉक्स सगळ्यात शेवटी विकत घ्या

आमची गेम नाइट, म्हणजे आठवड्यातून एकदा मित्रांनी जमून बोर्ड गेम खेळायची रात्र, पहिल्याच गुरुवारी बंद पडायची, थोडक्यात वाचली. पुण्यात कर्वेनगरला माझ्या घरी सहा जण जमलो होतो. मी हौसेने ‘टेराफॉर्मिंग मार्स’ मागवला होता. मंगळावर ऑक्सिजन वाढवायचा, समुद्र आणायचे, शहरं वसवायची आणि त्यासाठी दोनशेहून जास्त वेगवेगळी कार्डं. बॉक्स उघडल्यावर लक्षात आलं की गेम जास्तीत जास्त पाच जणांचा आहे. मग एका मित्राला ‘तू बँक सांभाळ’ म्हणून बसवलं आणि मी रूलबुक हातात घेऊन पहिल्या पानापासून वाचायला लागलो. सव्वा तास वाचत होतो. साडेअकरा वाजले तेव्हा मंगळाचं तापमान अजून उणेच होतं, आणि सकाळी नऊला हिंजवडीत पोचायचं होतं ते दोघे उठले. पुढच्या गुरुवारी त्या दोघांनाही अचानक कामं निघाली.

गेम उत्तम आहे, आजही कपाटात आहे, आणि आता आम्ही तो आवडीने खेळतो. त्या रात्री चुकलो तो मी. तेव्हापासून आमच्याकडे एकच पक्का नियम आहे: नवा गेम टेबलावर यायच्या आधी एका माणसाने तो घरी पूर्ण शिकून यायचं. माणसं किती, वार कुठला, खायला काय, हे सगळं त्याच्या मागून. तरी क्रमाने सांगतो, कारण नव्याने सुरू करणारे बहुतेक जण माझ्यासारखीच आधी ऑर्डर देऊन टाकतात.

आधी डोकी मोजा

स्ट्रॅटेजी गेमला चार हा सोन्यासारखा आकडा. बरेच चांगले गेम चार भिडूंना नजरेसमोर ठेवून बनवलेत. ‘कॅटन’ मूळ बॉक्समध्ये तीन ते चार जणांचा, ‘अझूल’ दोन ते चार, ‘स्प्लेंडर’ही तेवढाच. पाचवा आला की निवड एकदम आकसते. ‘तिकीट टू राइड’ आणि ‘कार्कासोन’ पाच जणांना चालतात. सहा झाले तर सरळ तिघा-तिघांची दोन टेबलं करा. सगळ्यांना एकत्रच बसायचं असेल तर ‘सेव्हन वंडर्स’. त्यात प्रत्येक जण आपल्या हातातलं एक कार्ड ठेवतो आणि उरलेली शेजाऱ्याला देतो. हे सगळे एकाच वेळी करतात, त्यामुळे सात भिडू असले तरी डाव लांबत नाही.

म्हणून व्हॉट्सअॅपवर आदल्या रात्रीपर्यंत ‘येतो’ किंवा ‘नाही’ घ्या. ‘बघतो’ हे उत्तर आमच्या ग्रुपवर ‘नाही’मध्ये धरतात. पहिल्यांदा काही जण दुखावले, आता वेळेवर सांगतात.

वार आणि वेळ

वार एकदाच ठरवा आणि हलवू नका. दोघं नसले तरी उरलेल्यांनी खेळायचं. ‘या आठवड्यात कोणाला कुठला वार जमतो’ ही चर्चा सुरू झाली की गेम नाइट महिन्याभरात संपते, हे मी दोन ग्रुपच्या बाबतीत पाहिलंय. आमचा गुरुवार मात्र आम्ही लवकरच सोडला, कारण दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा वार आमच्याकडे नेमका गुरुवारच, आणि सहा जणांच्या चहाची भांडी शुक्रवारपर्यंत सिंकमध्ये. आता बुधवार.

साडेसातला या म्हटलं की कर्वे रस्त्यावरचा माणूस साडेसातला येतो आणि हिंजवडीचा सव्वाआठला. त्याची वाट बघत बसू नका, आणि मोठा गेमही सुरू करू नका. मधल्या वेळात छोटं काहीतरी खेळा, ज्यात उशिरा आलेला मधेच घुसू शकेल. त्यासाठी आमच्याकडे घरगुती मराठी ‘कोडनेम्स’ आहे. मूळ गेम २०१५ चा, व्लाडा ख्वातिल या चेक डिझायनरचा. टेबलावर २५ शब्द मांडायचे, दोन टीम. पहिल्या टीमचे नऊ शब्द, दुसरीचे आठ, सात कोणाचेच नाहीत आणि एक मारेकरी, त्याला हात लागला की डाव तिथेच गेला. कुठला शब्द कोणाचा हे फक्त दोन्ही टीमच्या म्होरक्यांना माहीत. म्होरक्याने इशाऱ्याचा एक शब्द आणि तो टेबलावरच्या किती शब्दांना लागू आहे तो आकडा, एवढंच बोलायचं; त्यावरून टीमने आपले शब्द ओळखायचे.

आम्ही चिठ्ठ्यांवर मराठी शब्द लिहिले. आपल्याकडे दोन-तीन अर्थांचे शब्द इतके आहेत की हा गेम मराठीत जास्तच रंगतो: पान, माळ, नाव, हार, तार, मान, कळ, पाट, वाट. एकदा म्होरक्या म्हणाला, ‘लग्न, तीन’. त्याच्या मनात हार, पाट आणि मान. टीमने मानावरून मानपान काढलं आणि पानावर बोट ठेवलं. पान मारेकरी होतं.

पहिला गेम कुठला

बोर्डगेमगीक या साइटवर प्रत्येक गेमचं ‘वेट’ दिलेलं असतं, एक ते पाचमध्ये. म्हणजे तो डोक्याला किती जड. ‘तिकीट टू राइड’ आणि ‘कार्कासोन’ दोनच्या आत आहेत, ‘कॅटन’ सव्वादोनच्या आसपास, ‘टेराफॉर्मिंग मार्स’ सव्वातीनच्या आणि ‘ब्रास: बर्मिंगहॅम’ जवळजवळ चार. आजवर पत्ते, कॅरम आणि व्यापार एवढंच खेळलेल्या ग्रुपने पहिले दोन महिने अडीचच्या वर जाऊ नये. पत्ते चांगले खेळणाऱ्यांना मात्र कमी लेखू नका. मेंढीकोट खेळून हुकूम दाबून ठेवायची सवय असलेला माणूस कार्डांच्या गेममध्ये तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला हरवतो.

माझी शिफारस ‘तिकीट टू राइड’ने सुरुवात करायची. २००४ चा गेम, अॅलन मून यांचा, आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीचं ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम गेमचं बक्षीस मिळालं. नकाशावर रेल्वेचे मार्ग बांधायचे. प्रत्येकाकडे ४५ डबे. आपल्या पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची: रंगीत कार्डं उचला, एखादा मार्ग बांधा किंवा नवी तिकिटं घ्या. एवढ्यावर पूर्ण गेम उभा आहे, आणि तरीही ‘तू माझा मार्ग अडवलास’ म्हणून पहिल्याच रात्री आरडाओरडा होतो. मूळ नकाशा अमेरिकेचा आहे. भारताचा नकाशाही वेगळा मिळतो, पण त्याला मूळ बॉक्स लागतोच, म्हणून तो नंतर.

दुसरा ‘कार्कासोन’. टाइल, म्हणजे नकाशाचा चौकोनी तुकडा, उचला, आधीच्या टाइल्सना जुळेल अशी ठेवा, हवा तर आपला मीपल, म्हणजे माणसाच्या आकाराची छोटी सोंगटी, तिच्यावर उभा करा. रस्ते, शहरं आणि मठ एवढंच ठेवून पहिला डाव खेळा. शेतात मीपल आडवा झोपवायचा नियम दुसऱ्या डावाला. शेतांचे गुण कसे मोजायचे हे समजावताना मी एकदा अर्धा तास घालवलाय.

‘कॅटन’ने सुरुवात करा असं सगळीकडे सांगतात. १९९५ च्या या गेमने क्लाउस टॉयबर यांचं नाव जगभर नेलं, आणि या छंदात आलेले कितीतरी लोक त्याच्यामुळेच आले, हे खरं. तरी मी तो चौथ्या-पाचव्या आठवड्यात काढतो. त्यात पहिली दोन गावं कुठे ठेवता यावर बरंचसं ठरतं आणि नव्या माणसाला ते कळत नाही. पटाच्या तुकड्यांवर आकडे असतात; फाशांवर तो आकडा आला की त्या तुकड्याला लागून ज्याचं गाव त्याला लाकूड, वीट, मेंढी असा माल मिळतो. दोन फासे टाकले की ३६ शक्यता असतात. त्यातल्या सहा सातच्या, सहा आणि आठच्या प्रत्येकी पाच, दोन आणि बाराची एकेक. बारावर गाव ठेवून बसलेला मित्र तासभर नुसता फासे टाकतो, त्याला ना लाकूड मिळतं ना वीट, आणि मग तो मोबाइल काढतो. खेळायचाच असेल तर रूलबुकात नवशिक्यांसाठी आधीच मांडून दिलेला पट आहे, पहिल्या डावाला तोच घ्या.

शिकवणं

आता खरं काम. एका गेमचा एक शिकवणारा ठरवा, म्हणजे पुढच्या आठवड्याचा माणूस या आठवड्यातच ठरलेला असेल. त्याने बॉक्स घरी न्यायचा आणि हे करायचं.

रूलबुक एकदा सलग वाचा. सगळं समजलं नाही तरी चालेल. मग पट मांडा आणि दोन भिडूंच्या बाजूने एकट्याने खेळा, निदान पाच-सहा फेऱ्या. इथे खरे प्रश्न पडतात: कार्डं संपली तर काय, बरोबरी झाली तर काय, हे आत्ता करता येतं की पुढच्या पाळीला? ते कागदावर लिहा आणि उत्तरं रूलबुकात शोधून पान क्रमांक टाका. बोर्ड गेम अरेना या साइटवर असे बरेच गेम ऑनलाइन खेळता येतात. तिथे एक डाव खेळलात तर नियम चुकूच शकत नाही, कारण चुकीची चाल साइट घेतच नाही.

शेवटची पायरी सगळ्यात उपयोगी: तो गेम अशा माणसाला सांगा ज्याला त्यात काडीचा रस नाही. मी आईला सांगतो. ती मेथी निवडता निवडता ऐकते. पहिल्यांदा मी कार्डांचे रंग, डबे, तिकिटं असं सुरू केलं. तिने जुडी सोडवत विचारलं, ‘अरे, पण जिंकतं कोण?’ पुढचा प्रश्न, ‘आणि संपतं कधी?’ मग म्हणाली, ‘बरं, माझी पाळी आली तर मी काय करू?’

ही शिकवण्याची क्रमवारी मला तिच्याकडून मिळाली आणि आजवर बदलावी लागलेली नाही. ‘तिकीट टू राइड’ मी आता असा सांगतो:

‘सगळ्यात जास्त गुण ज्याचे तो जिंकला. गुण मार्ग बांधून मिळतात, लांब मार्गाला जास्त. शिवाय तुमच्या हातात गुपचूप तिकिटं आहेत: या शहरापासून त्या शहरापर्यंत जोडलंत तर तेवढे गुण वर, नाही जोडलंत तर तेवढेच खाली. कोणाकडे दोन किंवा कमी डबे उरले की सगळ्यांना एकेक शेवटची पाळी आणि खेळ खल्लास. आपल्या पाळीला तीनपैकी एक गोष्ट...’

दहा मिनिटांच्या वर गेलात तर थांबा आणि खेळायला लावा. बाकीचं चालता चालता सांगता येतं. फक्त एक पथ्य पाळा: ज्या नियमामुळे कोणाचं नुकसान होऊ शकतं तो आधी सांगायचा. ‘अरे हो, तिकीट अपुरं राहिलं तर गुण वजा होतात’ हे शेवटच्या फेरीत सांगितलं की मैत्रीला तडा जातो. आणि सांगून होईपर्यंत कोणाच्याही हातात कार्डं देऊ नका. माणसं कार्ड वाचायला लागतात आणि तुमचं बोलणं पंख्याच्या आवाजासारखं मागे पडतं.

नव्या गेमचा पहिला डाव आमच्याकडे सगळ्यांसाठीच कच्चा लिंबू. चाल परत घेता येते, कार्डं उघडी टाकून विचारता येतं, शिकवणारा सल्ला देतो. या डावात कोण जिंकलं ते ग्रुपवर टाकायचं नाही. शिकवणाऱ्याने तर या डावात जिंकायचा फार प्रयत्नच करू नये. एका मित्राने नवा गेम शिकवून आम्हा सगळ्यांना दुप्पट गुणांनी धुतलं. तो बॉक्स परत उघडला गेला नाही.

टेबल, वाट्या, बाकरवडी

डायनिंग टेबल चार जणांना पुरतं. सतरंजीवर बसायचं ठरलं तर दोन तासांनी गुडघे बोलायला लागतात, हे तिशी ओलांडलेल्यांनी लक्षात ठेवावं. ठोकळे, नाणी, खडे ठेवायला स्टीलच्या वाट्यांसारखं काही नाही, आणि आहेरात आलेल्या वाट्या बहुतेक घरात पडूनच असतात. फासे ताटात टाका, पण ताटात आधी जाड रुमाल अंथरा. नुसत्या ताटातला फासा रात्री दहाला खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

उन्हाळ्यात पंखा हवा आणि कार्डं उडतात, यावर उपाय एकच: पंखा दोनवर आणि डेकवर एक जड मीपल. पावसाळ्यात पुण्याची हवा कार्डांना वाकवते. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या गेमच्या बॉक्समध्ये टाका. सतत पिसली जाणारी कार्डं असतील तर त्यांना स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक खोळ, घाला, पण आधी पट्टीने कार्ड मोजा. पत्त्यांच्या मापाचं कार्ड साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं, ‘सेव्हन वंडर्स’चं बरंच मोठं. न मोजता मागवलेल्या स्लीव्हचं एक पाकीट माझ्याकडे तसंच पडलंय.

खाणं वेगळ्या स्टुलावर, टेबलावर नाही. बाकरवडी, चिवडा, फरसाण चमच्याने खायचं. पुणेकराला बाकरवडी चमच्याने खायला सांगणं अवघड आहे, मला कल्पना आहे. पण एकदा तेलाचा ठसा बसलेलं कार्ड पालथं असतानाही सगळ्यांना ओळखू येतं, आणि मग तो डाव राहत नाही. जेवण आधी किंवा नंतर. मध्ये पिझ्झा आला की अर्धा तास गेला.

रडीचा डाव

रूलबुकावरून वाद झाला तर दोन मिनिटं शोधा. सापडलं नाही तर हात वर करून मत घ्या, पुढे खेळा, घरी जाऊन शोधा. शिकवणाऱ्याचं चुकलं असेल तर त्याने दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कबूल करायचं. माझी अशी तीन कबुलीजबाबं आहेत.

जोडपी एकमेकांना स्वस्तात मेंढी विकतात, ‘कॅटन’मध्ये हे होतंच. त्यावर नियम करू नका, त्यांना टेबलाच्या दोन टोकांना बसवा. हरणारा माणूस शेवटी मुद्दाम एकाला जिंकून देतो तेव्हा जास्त चिडचिड होते. त्यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत असं की ज्याला जिंकायची आशा उरली नाही त्याने निदान स्वतःचे गुण वाढवायला खेळावं.

तिसरा प्रकार सगळ्यांनी मिळून खेळायच्या गेममध्ये दिसतो. ‘पॅन्डेमिक’मध्ये चार रोग जगभर पसरतात, सगळे भिडू एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला. आठवा उद्रेक झाला की सगळेच हरले. अशा वेळी एक हुशार मित्र सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतो आणि बाकीचे त्याच्या प्याद्यांसारखे हलतात. आम्ही ठरवलंय की ज्याची पाळी त्याने आधी स्वतःचा बेत सांगायचा, मग बाकीच्यांनी तोंड उघडायचं. तो मित्र अजूनही मधेच घसा खाकरतो, पण बोलत नाही.

पैसे

आता बॉक्स. पहिला महिना काहीच विकत घेऊ नका. कोणाकडे तरी एक गेम असतोच, नसेल तर गेम ठेवणाऱ्या कॅफेत एक-दोन रात्री बसून बघा. आवडला तो घ्या. मोठा गेम सहज तीन-चार हजारांना पडतो, आणि फारच स्वस्तात मिळाला तर तो नकली असायची शक्यता धरा. नकली प्रतीत कार्डं पातळ असतात, टाइल्स नीट बसत नाहीत आणि रूलबुक वाचता येत नाही.

आम्ही भिशी लावली. सहा जण, महिन्याला प्रत्येकी पाचशे. चिठ्ठी ज्याची निघेल त्याने त्या तीन हजारांतून गेम घ्यायचा. गेम त्याच्या घरी राहतो, शिकवायचाही त्यानेच. यात एक फायदा असा निघाला की मोठमोठे, भारी गेम घेण्याची खुमखुमी आपोआप उतरली. सव्वा तास रूलबुक वाचायची पाळी स्वतःवर येणार हे दिसलं की माणूस हलकाच गेम निवडतो.

दोनदा खेळा

दर आठवड्याला नवा गेम हे ऐकायला छान वाटतं, आणि आम्ही पहिले तीन महिने तेच केलं. झालं काय, तर बारा गेमचे नियम कळले आणि एकही गेम कळला नाही. स्ट्रॅटेजी दुसऱ्या डावात सुरू होते. पहिल्या डावात आपण फक्त काय करता येतं ते शिकतो. ‘अझूल’ पहिल्यांदा खेळताना सगळे आपापली रंगीत टाइल्सची भिंत सुंदर करतात. दुसऱ्यांदा शेजाऱ्याला नको त्या सहा टाइल्स उचलायला लावून त्याचे गुण कापतात. म्हणून आता नवा गेम सलग दोन बुधवार. दुसऱ्या बुधवारी शिकवायचा वेळ वाचतो, तेवढ्यात बहुतेक वेळा दोन डाव होतात.

आवरताना

साडेदहाला शेवटची फेरी. आवरायचं सगळ्यांनी मिळून, आणि बॉक्स बंद करायच्या आधी सगळं मोजायचं. रंगाप्रमाणे छोट्या झिप पिशव्या करा. त्या बोहरी आळीत ढिगाने मिळतात. ‘तिकीट टू राइड’चे डबे ४५ प्रमाणे मोजा, वर सुटे डबे दिलेले असतात ते वेगळ्या पिशवीत ठेवा. एखादा मीपल कमी भरला तर सोफ्याच्या फटीत बघा, मग चपलांच्या स्टँडजवळ. आमचा एक निळा मीपल वॉशिंग मशिनमध्ये सापडला होता, मित्राच्या शर्टाच्या खिशातून गेला होता. मोजून झालं की बॉक्स पुढच्या शिकवणाऱ्याच्या हातात द्या, आणि रूलबुक आत आहे ना ते त्याच्यासमोर उघडून बघा.